मधला काळा गोल

माझी बायको रायफल चालवायची. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललो आहे की त्यानंतर काय होणार ते मला पाठ झालं होतं. समोरचा माणूस आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मग विचारायचा, "म्हणजे पोलिसात होत्या का?" नाही, हौस म्हणून, असं सांगितलं की शांतता. पुण्यात हौशी माणसांना तोटा नाही. कुणी काड्यापेट्यांची चित्रं जमवतो, कुणी दर आठवड्याला तोच गड चढतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. बंदूक म्हटली की मात्र माणसं खुर्ची जराशी मागे घेतात. आमच्या एका शेजाऱ्यांनी मला जिन्यात गाठून अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "तुमच्याकडे भांडणं होत नसतील ना?"

"होतात की," मी म्हटलं, "पण लवकर मिटतात."

कॉलेजात असताना ती नेमबाजी शिकली आणि लग्नानंतरही तिनं ती सोडली नाही, एवढीच खरी गोष्ट. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. दिवसभर टेबलावर वाकून कालव्यांच्या आणि धरणाच्या दरवाजांच्या रेघा ओढायच्या, हे माझं काम. रविवारी तिच्यामागून रेंजवर जायचो. ती जाड कातडी जॅकेट घालून, डाव्या दंडाला पट्टा आवळून चटईवर पालथी पडायची आणि मी मागे स्टुलावर दुर्बीण लावून बसायचो. गोळी कुठे लागली ते सांगायचं, एवढंच मला काम. "नऊ, उजवीकडे." "दहा." "दहा." बाकी बोलणं नाही. आमच्या संसारातली सगळ्यात कमी शब्दांची वेळ ती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात सुखाचीही.

रायफल तिला सरांकडून मिळाली होती. सर म्हणजे कॅम्पात एकटे राहणारे एक निवृत्त मेजर. क्लबात नवीन मुलांना ते शिकवायचे. त्यांची ही रायफल मुळात लष्करातली. पूर्वी रंगरुटांना मोठ्या गोळ्या न उधळता सराव करता यावा म्हणून लढाईतल्या रायफलीच्याच सांगाड्यात बारीक नळी बसवून अशा रायफली केल्या जात. वजन तेवढंच, गोळी भरायला मागे ओढायचा बोल्ट तसाच, लाकूडही तसंच, गोळी मात्र लहान, पॉइंट टू टू. लाकडावर जुन्या नंबराचा ठसा होता, अर्धा झिजलेला. सरांनी ती परवान्यावर रीतसर घेतली, नेम धरायची मूळची खाच आणि नळीवरची माशी काढून टाकली आणि तिच्यावर स्पर्धेत वापरतात तसा डायॉप्टर बसवला. तो युरोपातून कुणाकडून तरी मागवलेला होता.

डायॉप्टर म्हणजे मागच्या बाजूला, डोळ्याजवळ असलेली एक पोलादी चकती. तिच्या मधोमध सुईनं पाडावं तसं भोक. पुढे नळीच्या टोकाला एक लहानसा बोगदा आणि त्यात एक कडं. भोकातून बघितलं की कडं दिसतं आणि कड्याच्या आत लक्ष्याचा काळा गोल. गोलात गोल, त्याच्या आत गोल. बाजूला दोन स्क्रू असतात, एक वरखाली करायला आणि एक डावं-उजवं करायला. ते फिरवले की टिक टिक वाजतात. सर सांगायचे, "मधोमध काय आहे ते डोळ्याला आपोआप कळतं. तू फक्त आड येऊ नकोस."

मी एकदा आडवा पडून त्यातून बघितलं होतं. रेषांत जन्म गेलेला माणूस मी, पण इतकी स्वच्छ गोष्ट मी कागदावर कधी काढली नव्हती. गोळी अर्थात मातीच्या भिंतीत गेली.

सरांचे हात कापायला लागले तेव्हा त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. बशीत चहा सांडत होता तिकडे बघत म्हणाले, "ही आता तू घे. आणि तेल जास्त लावू नकोस. नवशिके फार तेल लावतात." पुढे बरेच महिने परवान्याचे सोपस्कार चालले. चौकशीला आलेला हवालदार आमच्या घरात तीनदा बसून गेला. "मॅडम, खरंच तुम्हीच चालवणार?" हे त्यानं तिन्ही वेळा विचारलं.

ती फार मोठी झाली नाही. राज्याच्या स्पर्धांमध्ये चौथी यायची, सहावी यायची. वयस्करांच्या गटात एकदा रौप्यपदक मिळालं. तोवर बाकीच्यांकडे परदेशी, ॲल्युमिनियमच्या, हजार तऱ्हेनं कमीजास्त करता येणाऱ्या रायफली आल्या होत्या. त्या रांगेत ही एकटीच लाकडाची. एका प्रशिक्षकानं तिला सुचवून बघितलं, "मॅडम, आता बदला." ती म्हणाली, "बदलेन की. ती माझ्यापेक्षा वाईट मारायला लागली की बदलेन."

मी निवृत्त झालो, मुलीचं लग्न झालं, आणि आता रविवारबरोबर बुधवारीही रेंजवर जाता येईल असं आम्ही ठरवलं. जेमतेम वर्षभर तसं गेलो असू.

बालेवाडीच्या रेंजवर सकाळची वेळ होती. थंडी होती. दोन-तीन गोळ्या झाडल्यावर ती उठून बसली, चकती काढली आणि भोकात फुंकर मारली. पुन्हा बसवली, पुन्हा पालथी पडली, पुन्हा उठली.

"ह्यात काहीतरी अडकलंय," ती म्हणाली.

मी चकती उजेडाकडे धरून बघितली. "स्वच्छ आहे."

"कडं दिसतंय. कड्याच्या आत काही नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे गोल नाहीये."

"अगं, समोर आहे की."

"समोर आहे ते मला माहितीये. मला दिसत नाहीये."

तरी तिनं डायॉप्टरलाच दोष दिला. घरी आणून तो पूर्ण उलगडला, एकेक भाग रुमालावर मांडून पुसला. मग चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून आणला. एका दुपारी पोळीवर तूप सोडताना तिनं ते ताटाबाहेर सोडलं, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर तरुण होती, बोलायला नीट. तिनं पडद्याचा फोटो दाखवला. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत होता. कडेचं दिसत राहणार, मधलं जात जाणार. बायकोनं विचारलं, "ह्याला डोळ्यात इंजेक्शन देतात ना?"

"ते दुसऱ्या प्रकारात. तुमचा कोरडा प्रकार आहे. त्यात इंजेक्शनाचा उपयोग नाही."

"मग काय करतात?"

"गोळ्या देते. कधी कधी वेग थोडा कमी होतो."

"गोळ्या घरी भरपूर आहेत," बायको म्हणाली. डॉक्टरला काही कळलं नाही. मी एकटाच हसलो, आणि मग मलाही हसवेना.

डॉक्टरनं आम्हाला एक चौकटी आखलेला कागद दिला. फ्रिजवर लावायचा आणि रोज एकेक डोळा झाकून बघायचा. रेघा सरळ दिसल्या तर ठीक. मला त्या सरळच दिसायच्या. बायकोला उजव्या डोळ्यानं त्या मधोमध खचलेल्या दिसत. "विहिरीत सुतळी सोडावी तशा आत जातात," ती म्हणाली. "मधे विहीर आहे आणि विहिरीत अंधार."

डावा डोळा मात्र चांगला होता. मग डाव्यानं मारायचं, असं तिनं लगेच ठरवलं. रायफल डाव्या खांद्याला लावून बघितली; पण चाळीस वर्षं उजव्या अंगानं नेम धरलेलं शरीर ऐकेना, आणि बोल्ट उजवीकडे, तो ओढायला प्रत्येक वेळी सगळी मांडणी मोडायची. तिसऱ्या दिवशी तिची मान धरली. शेकत बसली होती तेव्हा मला एक सुचलं. खांदा उजवाच ठेवायचा, गालही लाकडावर तसाच. पण डायॉप्टर आणि पुढचं कडं, दोन्ही सारख्याच अंतरानं डावीकडे सरकवायची. म्हणजे भोक डाव्या डोळ्यासमोर येईल. असं काहीजण करतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, आपणच शोध लावला.

मी कपाटावरून जुना ड्रॉइंग बोर्ड काढला. पोलादाची एक पट्टी मागे, एक पुढे, दोन्ही अगदी समांतर. कितीतरी वर्षांनी मी रेघ ओढताना श्वास धरला. भोसरीतल्या एका लेथवाल्याकडे त्या करवून घेतल्या. त्यानं पहिल्यांदा केलेली जोडी केसभर चुकली होती, ती मी परत दिली. त्याला राग आला. "काका, रॉकेट सोडताय का?" दुसरी जोडी बरोबर जमली.

पट्ट्या बसवल्यावर रायफल विचित्र दिसत होती. तिरळं बघणाऱ्या माणसासारखी. बायको पालथी पडली, गाल टेकवला आणि बराच वेळ हललीच नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "मधोमध आहे."

पहिल्या गोळ्या कागदभर फिरल्या. तिनं स्क्रू फिरवले, टिक टिक टिक. मग आठ आली, मग नऊ, मग मी दुर्बिणीतून बघून "दहा" म्हटलं आणि माझा आवाज फाटला. तिनं मान वळवली नाही, पण तिच्या पाठीवरून मला कळलं की ती हसतेय.

तो हिवाळा चांगला गेला. एवढं लिहून मला इथंच थांबावंसं वाटतं. त्या हिवाळ्यात ती पुन्हा घरातल्या घरात जॅकेट घालून, रिकाम्या बोल्टनं सराव करायची. मी भाजी निवडत असायचो आणि मागून खट्ट असा कोरडा आवाज यायचा. फ्रिजवरचा कागद ती रोज बघायची. "डावा ठीक," असं सांगायची, पेपरातली बातमी सांगावी तसं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिचं ते सांगणं थांबलं. माझ्या ते लक्षात आलं नाही.

शहरातल्या एका छोट्या स्पर्धेत वयस्करांच्या गटात तिनं नाव दिलं होतं. रांगेत सगळे पडले. तिच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. मी मागे दुर्बीण लावून. तिची एक गोळी गेली आणि मला तिच्या कागदावर कुठेच भोक दिसेना. मला वाटलं, माझंच चुकलं. मी पुन्हा बघितलं. तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांनी हात वर केला. त्यांच्या कागदावर एक भोक जास्त होतं.

पंच आला. नियम साधा असतो, दुसऱ्याच्या लक्ष्यावर मारलं तर गुण कापले जातात आणि स्पर्धा पुढे चालू राहते. नवीन मुलांकडून असं होतं. पंच तसंच म्हणाला, "होतं मॅडम, पुढं चालू द्या." बायकोनं बोल्ट उघडला, मागे ओढून ठेवला आणि उठून बसली.

"मी थांबते," ती म्हणाली.

"अहो, अजून गोळ्या बाकी आहेत तुमच्या."

"असू देत. कुठं मारतेय ते मला माहीत नाही. अशा माणसानं रेंजवर असू नये."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"होळीच्या आसपास."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगून तुम्ही काय करणार होता? आणखी एक पट्टी?" थोड्या वेळानं ती म्हणाली, "दोन गोल दिसत होते. दोन्ही अर्धवट. त्यातला एक आपला असेल असं वाटलं."

डॉक्टरनं डाव्या डोळ्याचा फोटो काढला. आम्हाला दाखवला नाही, आम्हीही मागितला नाही.

परवान्याचं नूतनीकरण जवळ आलं होतं. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लेटरहेड पुढे ओढलं. आमची जुनी ओळख. म्हणाले, "वहिनी, चष्मा घालून बसा, मी सही करतो. घरात राहील नुसती."

"आणि माझ्या हातून कुणाला गोळी लागली तर?"

"तुम्ही कुठं आता चालवणार आहात?"

"मग सही कशाला?" ती म्हणाली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

चालवता येत नाही तर ठेवायची नाही, हे तिनं स्वतःच ठरवलं होतं, आणि ठरवल्यावर तिला समजावणं हा प्रकार आमच्या घरात कधी नव्हता. प्रश्न होता, रायफल जाणार कुठे. बंदूक ही काही जुन्या मिक्सरसारखी कुणाला देऊन टाकता येत नाही. परवाना कार्यालयातल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. वारसाच्या नावावर करा, नाहीतर परवाना असलेल्या कुणाला विका, नाहीतर जमा करा. जमा केलेल्या बंदुकांचं पुढे काय होतं असं बायकोनं विचारलं. "बऱ्याच काळानं नष्ट करतात," बाई म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून, "भट्टीत जातात."

मी माझ्या नावावर करायचं म्हटलं. कारण काय लिहिणार? नेमबाज मी नाही. स्वसंरक्षण लिहावं तर बायको म्हणाली, "तुम्ही बंदूक घेतलीत तर बाकीच्यांच्या संरक्षणाचं बघावं लागेल."

मुलगी खराडीला नोकरी करते आणि वाघोलीला एका उंच इमारतीत राहते. तिच्याकडे जेवायला गेलो तेव्हा बायकोनं विषय काढला.

"आई, प्लीज," मुलगी म्हणाली. "आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मांजरं पाळण्यावरून महिनाभर वॉर चाललंय. मी रायफल घेऊन लिफ्टमधून जाऊ?"

"कपाटात राहील. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना." ती ताटं उचलायला उठली आणि सिंककडे तोंड करूनच म्हणाली, "मला ती कधीच आवडली नाही, आई. प्रत्येक रविवारी तुम्ही दोघं तिच्याबरोबर असायचात. मी आजीकडे."

मुलीनं मागे वळून बघितलं, तेव्हा बायको तिच्या शेजारच्या खिडकीकडे बघत होती. आता तिला समोरच्याचा चेहरा बघायचा तर त्याच्या बाजूला बघावं लागायचं. मुलीला वाटलं, आई रागावली. ती रडायला लागली आणि म्हणाली, "बघ तरी माझ्याकडे." बायको म्हणाली, "बघतेच आहे गं." ते तिला पटलं की नाही, मला माहीत नाही.

क्लबातल्या मुलांना विचारून झालं. एका मुलीनं रायफल हातात घेतली, लाकडावरून बोट फिरवलं आणि परत दिली. "काकू, खूप हेवी आहे. आणि ह्याचे पार्ट्स कुठे मिळणार?" एका प्रशिक्षकाला डायॉप्टर तेवढा हवा होता. "तो अजून फर्स्ट क्लास आहे. बाकीचं राहू द्या." बायकोनं नाही म्हटलं. त्यानं दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तिनं नाही म्हटलं.

तोवर परवान्याची मुदत संपत आली, म्हणून रायफल कॅम्पातल्या एका बंदुकांच्या दुकानात ठेवायला दिली. पावसाळाभर ती तिथं होती. मी अधूनमधून बघायला जायचो. मागच्या खोलीत भिंतीला टेकवून अशा कितीतरी उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठ्याचा बिल्ला. दुकानदार सज्जन होता. म्हणाला, "म्हातारी माणसं गेली की मुलं इथं आणून ठेवतात. परत कुणी येत नाही. तुम्ही येता तरी." आमच्या रायफलीच्या बोल्टवर तांबूस बुरशीसारखा गंज धरला होता. मी रुमालानं पुसला. घरी आल्यावर बायकोनं माझ्या रुमालाचा वास घेतला आणि विचारलं, "किती?"

"थोडाच आहे."

"म्हणजे बराच आहे."

दिवाळीनंतर त्या दुकानदाराचाच फोन आला. वाघोलीच्या पुढे नगर रस्त्यावर लष्करी शिस्तीची एक निवासी शाळा निघाली होती. त्यांना दर्शनी भागात मांडायला जुनी रायफल हवी होती. पण शाळेत ठेवायची तर ती कायमची निकामी करून घ्यावी लागणार होती. नळीला भोक पाडायचं आणि गोळी उडवणारी आतली सुई कापायची, परवानगी घेऊन, दुकानातच.

मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भट्टीपेक्षा बरं. मुलं बघतील तरी."

भोक पाडायच्या दिवशी दुकानात जाताना तिनं मला बजावलं, "मला बाहेर बाकड्यावर बसवू नका." कारागीर साठीचा होता. त्यानं रायफल शिकंज्यात धरण्याआधी नळीतून उजेडाकडे बघितलं आणि थांबला. "आतून आरसा आहे हो," तो मला म्हणाला. "अशा नळीला भोक पाडायचं म्हणजे…"

"मला सांगा," बायको म्हणाली, "रायफल माझी आहे."

"वाईट वाटतंय, ताई."

"वाटू दे. काम करा."

त्यानं रायफल आधी तिच्या हातात दिली. तिनं बोल्ट मागेपुढे केला, डायॉप्टरच्या स्क्रूवर बोट ठेवलं, पण फिरवला नाही. मग परत दिली. ड्रिल सुरू झालं. पोलादाला भोक पडताना सुरुवातीला किरकिर होते आणि मग आवाज जाड होत जातो. जळक्या तेलाचा वास सुटला. बायको पर्स मांडीवर घेऊन, दाताच्या डॉक्टरकडे बसतात तशी ताठ बसली होती. सुई कापायला फार वेळ लागला नाही. साध्या करवतीनं कापली. दोन तुकडे त्यानं तिला दाखवायला पुढे केले आणि मग त्याच्या लक्षात आलं, तसा त्यानं हात मागे घेतला.

शाळेनं आम्हाला संक्रांतीनंतर बोलावलं. नगर रस्त्यावरची गर्दी पार करून पोचेपर्यंत दुपार झाली. मुख्याध्यापक दारात उभे होते, शाल आणि श्रीफळ तयार होतं. रायफल जिन्याखाली काचेच्या पेटीत होती, उपहारगृहाच्या वाटेवर. मी जवळ गेलो आणि बघत राहिलो. डायॉप्टर उलटा बसवला होता, भोकाची बाजू पुढे. खालच्या पाटीवर "युद्धात वापरलेली रायफल" एवढंच. आणि माझ्या पट्ट्या नव्हत्या.

"त्या दोन पट्ट्या होत्या ना," मी मुख्याध्यापकांना विचारलं, "डावीकडे आलेल्या?"

"हो, ते जरा वाकडं दिसत होतं. म्हणून सरळ करून घेतलं."

"पट्ट्या कुठे आहेत?"

त्यांनी शिपायाकडे बघितलं. शिपायानं माझ्याकडे बघितलं.

बायको काचेजवळ आली. तिनं मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या, कडेनं काही दिसतंय का ते बघायला. काचेवर दाराचा उजेड पडला होता.

"कशी दिसतेय?" तिनं मला विचारलं.

खोटं बोलणं जमलं असतं तर बोललो असतो. मी सगळं सांगितलं. उलटा डायॉप्टर, पाटी, पट्ट्या. मुख्याध्यापक अवघडून म्हणाले, "लगेच दुरुस्त करून घेतो, मॅडम. आपण आधी फोटो काढू या का?" फोटो काढला. त्यात तिची नजर कॅमेऱ्याच्या बरीच बाजूला आहे.

परतताना आम्ही एका सिग्नलला बराच वेळ अडकलो. तेव्हा ती म्हणाली, "भट्टीत गेली असती तर बरं झालं असतं." नंतर मी शाळेत चार-पाच वेळा फोन केला. प्रत्येक वेळी "हो सर, करून घेतो" असं उत्तर मिळालं. मग मुख्याध्यापक बदलले. नव्यांना आम्ही कोण हेच माहीत नव्हतं.

आता ती घरात वावरते, स्वयंपाकातलं थोडंफार करते. कडेचं दिसतं, त्यामुळे भिंतींना धडकत नाही. डॉक्टर म्हणते, हे असं राहील, पूर्ण अंधार होणार नाही. लोक हे चांगली बातमी म्हणून ऐकतात. मुलगी दर शनिवारी येते आणि आईच्या फोनमध्ये बोलणारं काहीतरी घालून देते. बायको ते शिकते आणि वापरत नाही. रविवारी आम्ही कुठेच जात नाही.

परवा सकाळी ती उठून बाल्कनीत बसली होती. मी पेपर वाचून दाखवायला घेतला, तर म्हणाली, "थांबा जरा." मग म्हणाली, "आत्तापर्यंत स्वप्नात नीट दिसायचं. माणसांची तोंडं, अक्षरं, सगळं. आता स्वप्नातही मधलं गेलंय."

"येईल परत," मी म्हटलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोलायला लागलात की मला काळजी वाटते." आणि तिनं चाचपून रेडिओ लावला.